बाबांची बुलेट, चुकीचा गिअर आणि वाकलेला पुशरॉड

मे महिन्यात बाबांची जुनी ३५० बुलेट कराडवरनं गुहागरला आणत होतो. कुंभार्ली घाट उतरून पोफळी मागे टाकली, पुढे सरळ उतार, तिसऱ्यात ७५ चा स्पीड, म्हटलं आता चौथा टाकूया. या गाडीचे गिअर उजव्या पायाला, पहिला वर, बाकीचे खाली आणि मी रोज चालवतो त्या गाडीला बरोबर उलटं. सवयीनं पाय वर गेला आणि दुसरा पडला. इंजिन असं किंचाळलं की पोटात गोळा आला, क्लच दाबेपर्यंत टकटक आवाज सुरू झालेला. पुढचा प्रवास टेम्पोतनं, थेट चिपळूण.

मेस्त्रीकाकांनी दोन्ही पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह (झडपा) ढकलून उघडणारे लांब दांडे, काढून काचेवर फिरवले. एक सरळ फिरला, दुसरा उड्या मारत गेला. मग बोअर (सिलिंडर) काढून पिस्टनचा कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली ओढला, बिग एंडच्या, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाच्या, बुशमध्ये प्ले (ढिलेपणा) हाताला लागत होता. "बाळा, हिला मीटर नाय आरपीएमचा, पण लिमिट आहे हो."

बाजूला स्प्लेंडरचं इंजिन उघडं पडलेलं, तिथेच हिशोब केला. स्प्लेंडरचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव, ४९.५ मिमी, बुलेटचा ९०. पिस्टन एका फेरीत तेवढं अंतर दोनदा जातो, म्हणजे स्प्लेंडर ८००० आरपीएमला (मिनिटाला ८००० फेऱ्या) पिस्टन सेकंदाला सरासरी १३.२ मीटर पळवते, तोच वेग बुलेट ४४०० लाच गाठते! माझ्या चुकीनं ती ६००० च्या आसपास गेली असणार, म्हणजे १८ मीटर. आणि ताण आरपीएमच्या वर्गानं वाढतो, एक तृतीयांश जास्त फिरलं की ताण पावणेदोन पट. त्यात एक्झॉस्ट स्ट्रोकला पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याला अडवायला वरून गॅसचा दाब नसतो, तो जड पिस्टन एकटा रॉड आणि बुश मागे खेचतात. पुशरॉडचं दुखणं वेगळं, टॅपेट, लांब पुशरॉड, रॉकर, व्हॉल्व्ह ही सगळी वरात एक स्प्रिंग परत आणते, कॅम (हे सगळं ढकलणारा फिरता उंचवटा) त्याच्यापेक्षा पुढे पळाला की व्हॉल्व्ह हवेत राहतो आणि मग आदळतो. रेव्ह लिमिटर (आरपीएम हद्दीबाहेर जाऊ न देणारा) असता तरी उपयोग नव्हता, तो स्पार्क तोडतो, पण इथे मागचं चाकच इंजिन फिरवत होतं.

क्रँक, म्हणजे रॉडचं खालचं टोक ज्याच्यावर बसतं तो भाग, प्रेसवर उघडला, नवीन पिन, नवीन बुश, मग दोन्ही फ्लायव्हील डायल गेज (वाकडेपणा मोजायचं काट्याचं मीटर) लावून सरळ करायला काकांचा अख्खा दिवस गेला, तांब्याच्या हातोडीनं एकेक ठोका आणि परत गेज. एवढी सबुरी मी बघितली नव्हती. शेवटी थंड इंजिनवर पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये, तो मला स्वतःला सेट करायला लावला.

गाडी १९ दिवसांनी घरी आली. स्पीडोमीटरच्या काचेवर आईच्या नेलपॉलिशचे दोन लाल ठिपके दिलेत, दुसऱ्या गिअरसाठी ५० वर, तिसऱ्यासाठी ७० वर.