घुशीची कवटी
रावेरकडं केळीच्या बांधावर आज घुशीची कवटी दिसली, बोटभर. पटाशीच्या दातांना एनॅमल (दाताचं कठीण कवच) फक्त पुढून; मागचं डेंटिन (त्याहून मऊ भाग) आधी झिजतं, म्हणून धार आपोआप लागते. वरखालचे दात एकमेकांवर घासले नाहीत तर वाकडे वाढतात, जनावर उपाशी मरतं.

उरुग्वेच्या जोसेफोआर्टिगासिया या लुप्त कृंतकाचे (कुरतडणाऱ्या प्राण्याचे) दातही असेच, पण कवटी ५३ सेंमी! (नातं घुशीशी नाही, गिनीपिगशी.) २००८ मध्ये वजन सांगितलं सुमारे १००० किलो. गडबड इथंच: धड सापडलेलंच नाही, अंदाज कवटीच्या मापांवरून, आणि कृंतकांचं डोकं अंगाच्या मानानं मुळातच मोठं, म्हणून वजन फुगतं. २०२२ मध्ये कवटी मानेला जुळते त्या सांध्याच्या रुंदीवरून हिशेब मांडला, तर ४८० किलोच्या आसपास. मला हाच पटतो. तरी पोळ्याच्या बैलाएवढं झालंच की!