उथळ पाण्यातील जहाज

गोव्यातील ग्रँड बेटाजवळ बुडालेल्या एका जुन्या लोखंडी जहाजाचे अवशेष पाहायला मी निघालो, तेव्हा नाशिकच्या मित्रमंडळींनी एवढ्याशा खोलीत काय दिसणार, अशी शंका काढली. माझे मत नेमके उलटे आहे: नवशिक्याने बुडालेले जहाज पाहावे ते उथळ पाण्यातच. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि टाकीतील हवा त्याच प्रमाणात लवकर संपते. पाच मीटरवर तो दीडपटच असल्यामुळे एकेक पत्रा निरखण्याइतका वेळ हाताशी राहतो.

मात्र उथळ तळापर्यंत लाटही पोहोचते. त्र्यंबक रोडवरील तरणतलावाच्या स्वच्छ, स्थिर पाण्यात साधलेला तोल तिथे क्षणोक्षणी ढळतो आणि गढूळपणामुळे काही मीटरपलीकडचे दिसत नाही. (अरबी समुद्र इतका जवळ असताना त्याच्याकडे पाठ फिरवून बंगालच्या उपसागराकडे जाणाऱ्या नदीकाठची आपण माणसे, आपल्याला लाटेची सवय कुठून असणार?)

सबंध जहाज दिसेल, ही अपेक्षाही ठेवू नये. पावसाळ्यातील लाटा सांगाडा मोडतात आणि उघडे पडलेले लाकूड समुद्रकिडे पोखरून टाकतात. गोव्याच्याच पाण्यात सुंची रीफ नावाचा खडक आहे. तिथे अवघ्या तीन ते सहा मीटर खोलीवर, दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना 17व्या शतकातील पोर्तुगीज जहाजाच्या खुणा सापडल्या: तोफा, साठवणीचे रांजण, चिनी बनावटीची भांडी, हस्तिदंत आणि चक्क पाणघोड्याचे दात. पाणघोडा आपल्याकडे आढळत नाही, तेव्हा ते दात आफ्रिकेतूनच आले असणार. पूर्वेकडील भांडी आणि आफ्रिकेतील दात एकाच खडकावर पडलेले असल्यामुळे, जहाजाचा आकार नष्ट झाला तरी त्या काळचा व्यापार किती दूरवर पसरला होता, याचा माग लागतो.

हा माग वस्तू जिथल्या तिथे असेपर्यंतच काढता येतो, म्हणून आठवण म्हणून खापर उचलून आणणाऱ्या हौशी पाणबुड्यांचा मला राग येतो. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना 1972 च्या पुरावशेष कायद्याचे संरक्षण आहेच. पण आमच्या प्रशिक्षकाचा उपाय अधिक परिणामकारक वाटला. त्याने उतरण्यापूर्वीच सर्वांचे हातमोजे काढून घेतले, कारण गंजलेल्या, शिंपल्यांनी धारदार झालेल्या पत्र्याला उघड्या हाताने कोणी सहसा हात लावत नाही.