फ्लॅपची राखण: इंग्लंडच्या वॉर्डातून मराठवाड्यातील मैत्रिणींसाठी

लातूर जिल्ह्यातील औसा हे माझे माहेर. सध्या मी इंग्लंडमधील एका रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी वॉर्डात परिचारिका आहे. कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या स्त्रियांना त्यांच्याच शरीरातून उचललेल्या ऊतकापासून (त्वचा-चरबीच्या या तुकड्याला फ्लॅप म्हणतात) नवा स्तन घडवून दिल्यानंतर आमच्या वॉर्डात ठेवतात. गावाकडून ज्या मावश्या आणि वहिनी या शस्त्रक्रियेविषयी फोनवर विचारतात, त्या सर्जन कोण, खर्च किती, टाके कधी निघतील हे विचारतात. पण रात्री फ्लॅप कोण तपासणार आणि काही बिघडले तर त्याच रात्री ऑपरेशन थिएटर उघडणार का, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न हाच असायला हवा.

याचे कारण शस्त्रक्रियेतच आहे. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत ओटीपोटावरील त्वचा आणि चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसह पूर्णपणे सुटी करून छातीवर आणतात आणि उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) कडेने जाणाऱ्या धमनी व शिरेला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. या वाहिन्यांची जाडी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर असते. त्या जोडात गुठळी झाली तर फ्लॅपचा रक्तपुरवठा थांबतो. असे फार थोड्या रुग्णांच्या बाबतीत घडते आणि अनुभवी केंद्रांत संपूर्ण फ्लॅप गमावण्याचे प्रमाण शंभरात एक-दोन इतकेच असते. परंतु गुठळी होते ती बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि ती किती लवकर लक्षात येते यावरच फ्लॅप वाचणे अवलंबून असते.

म्हणून पहिले 24 तास आम्ही दर तासाला फ्लॅप पाहतो. रंग पाहायचा, हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून तो ऊबदार आहे का ते जाणायचे, तो मऊ आहे की ताणून टणक झाला आहे ते चाचपायचे, बोटाने दाबून सोडल्यावर फिकी पडलेली जागा पुन्हा भरायला किती वेळ लागतो ते मोजायचे, आणि सर्जनने टाक्याने खूण केलेल्या जागी डॉप्लर यंत्र टेकवून रक्तप्रवाहाचा आवाज ऐकायचा. जागा दोन-तीन सेकंदांत भरली तर ठीक. फ्लॅप फिकट आणि थंड पडला व जागा भरेनाशी झाली, तर धमनीत अडथळा आला असावा; तो जांभळट होऊन फुगला आणि दाबलेली जागा क्षणात भरू लागली, तर रक्त आत येते आहे पण शिरेतून बाहेर जात नाही. दुसरा प्रकार अधिक वेळा आढळतो, आणि लवकर भरणारी जागा हे चांगले लक्षण वाटून नवखी परिचारिका येथेच फसू शकते.

आपल्या स्त्रियांसाठी एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. फ्लॅपच्या रंगांची पाठ्यपुस्तकांतील वर्णने मुख्यतः गोऱ्या त्वचेवर बेतलेली आहेत. सावळ्या त्वचेवर जांभळी छटा उशिरा दिसते, दाबलेली जागा फिकी झाली की नाही हेही पटकन कळत नाही. म्हणून तेथे ऊब, ताण आणि डॉप्लर यांवरच अधिक भिस्त ठेवावी लागते, आणि थिएटरमध्येच फ्लॅपचा फोटो काढून ठेवला तर पुढे तुलना करता येते. छाती अचानक घट्ट वाटू लागली, सूज वाढली किंवा जखमेत बसवलेल्या नळीतून येणारे रक्त एकाएकी वाढले, तर रुग्णाने अपरात्रीही बेल दाबावी. सिस्टरला त्रास नको म्हणून सकाळपर्यंत थांबण्याची आपली सवय येथे घातक ठरू शकते. शिरेतील अडथळा शस्त्रक्रियेने पूर्ण दूर होत नसेल, तर कधीकधी इथेही औषधी जळवा लावतात. मात्र जळवेच्या पोटातील जिवाणूंमुळे संसर्ग होऊ नये म्हणून सोबत प्रतिजैविक द्यावे लागते.

शस्त्रक्रियेपूर्वी इथे धूम्रपानाविषयी बारकाईने विचारतात. आपल्याकडच्या बाईला कोणी ‘सिगारेट ओढता का’ असे विचारले, तर ती खरेपणाने नाही म्हणेल, आणि रोज सकाळी लावायची मिश्री सांगायची राहून जाईल. मिश्री तंबाखूचीच असते. त्यातील निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, जखमा भरायला वेळ लागतो आणि फ्लॅपच्या कडांची त्वचा मरू शकते. ही गोष्ट डॉक्टरांना सांगावी आणि मिश्री काही आठवडे आधीच बंद करावी.

घरी गेल्यावर पोटाच्या आडव्या टाक्यांवर परकराची नाडी आवळून बांधू नये; पोटात पाणी साचल्यासारखे वाटले, जखम लाल झाली किंवा ताप आला तर दाखवावे. पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला, तर तातडीने रुग्णालय गाठावे, कारण ती पायातील गुठळीची चिन्हे असू शकतात. नव्या स्तनाला बहुधा संवेदना नसते, त्यामुळे गरम पाण्याच्या पिशवीने किंवा तव्यावर तापवलेल्या फडक्याने शेक घेतला तर चटका बसलेलाही कळत नाही. असे भाजलेले फ्लॅप मी पाहिले आहेत. काही महिन्यांनी फ्लॅपमध्ये कठीण गाठ लागली, तर ती बहुतेकदा रक्त न पोहोचल्याने मेलेल्या चरबीची असते, पण ते हाताने ठरवता येत नाही, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी लागते. मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया करून बीड-नांदेडकडे परतणाऱ्या स्त्रीने शस्त्रक्रियेचा संपूर्ण अहवाल जवळ ठेवावा, म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांना कोणते ऊतक कोठून आणले आणि कोठे जोडले हे कळेल.