लिंगमळ्यातली साचलेली थंडी: हवामानाचे प्रकार पाडताना

या हिवाळ्यातलं मुख्य काम वर्गीकरणाचं. महाबळेश्वरजवळच्या लिंगमळ्याच्या सखल भागात थंड हवा कोणत्या रात्री साचेल, हे आदल्या संध्याकाळी सांगता यावं, एवढंच हवंय.

महाबळेश्वरचा पारा आठ-दहा अंशांवर आणि वेण्णा तलावाजवळ हिमकण, या दोन्ही बातम्या एकाच दिवशी खऱ्या असतात. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. दव गोठतं ते गवताच्या पात्यावर, गाडीच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानावर. तिथून उष्णता थेट उघड्या आकाशाकडे निघून जाते. म्हणून माझा एक सेन्सर सखल भागात पेटीच्या उंचीवर आहे, दुसरा तिथेच गवतालगत आणि तिसरा वरच्या उतारावर.

प्रकार पाडायला ब्रिटनची लॅम्ब पद्धत घेतली नाही. ती समुद्रसपाटीच्या दाबावर चालते आणि आपल्याकडे, १८ अक्षांशावर, हिवाळ्यात दाबाचा उतार फारच मंद असतो. त्याऐवजी ईआरए५ या जगभरच्या हवामानाच्या मोफत माहितीसंचातून ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचा वारा आणि आर्द्रता घेतो. ही पातळी साधारण १५०० मीटरवर, म्हणजे पठाराच्या जरा वरच येते. आपल्यासाठी याहून सोयीचं काय असणार!

चार प्रकार ठरलेत: उत्तरी, शांत-कोरडा, पूर्वेचा दमट आणि ढगाळ. ढगाळ रात्री काही होत नाही. पूर्वेच्या दमट रात्री वारा पडला तरी दव लवकर धरतं; दव धरताना उष्णता सुटते आणि पारा रेंगाळतो.

खरी गंमत उत्तरी प्रकारात आहे. पश्चिमी झंझावात (हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली) पुढे सरकला की राजस्थान-गुजरातकडून कोरडा, गार वारा येतो, सगळा महाराष्ट्र कुडकुडतो आणि सगळे म्हणतात, आज हिमकण पडणार. पण तो वाराच हवा घुसळत राहतो; उतार आणि तळ यांत फरक उरत नाही. फरक पडतो वारा पडल्यावर. हवा अजून कोरडी, आकाश निरभ्र, आणि उतारावरची गार, जड हवा सावकाश खाली घसरत जाते. अशा एका पहाटे उतारावर ११ अंश होते, तळात पेटीच्या उंचीवर ४ आणि गवतालगत शून्याच्या जरा खाली. म्हणून आता एकट्या दिवसाचा प्रकार न पाहता जोडी पाहतो: ‘उत्तरीनंतर शांत-कोरडा’ दिसली की इशारा.

ऑस्ट्रियातल्या ग्रुनलोखसारखा हा बंद खड्डा नाही. तिथे १९३२ मध्ये उणे ५२.६ अंश नोंदले गेले. इथे मात्र वेण्णा नदीच्या वाटेने थंड हवा लिंगमळा धबधब्याकडे निसटत असावी, असं मला वाटतं. तिकडे एक सेन्सर लावायचाय.

पुढे हीच जोडी निफाडच्या किमान तापमानाशी ताडून पाहीन. द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायच्या की नाही, हे तिथे अशाच रात्रींवर ठरतं. जुन्नर, भोरकडे कुणाचे सेन्सर असतील तर रात्री नऊ-दहाच्या वाऱ्याची नोंदही ठेवा. नुसत्या किमान तापमानावरून जोडी पडताळता येत नाही.