चॅसिसवरचा नंबर पुसला जायच्या आत

परवा एका शेडमध्ये दीड तास जीपच्या बॉनेटखाली डोकं घालून उभा होतो. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात रॉकेलचा बोळा, आणि समोर चॅसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, डाव्या रेलच्या वरच्या अंगाला ग्रीस आणि माती मिळून झालेला असा घट्ट थर की नखाने खरवडला तरी हलेना. हळूहळू पुसत गेलो तसं आधी जी दिसलं, मग पी, मग डब्ल्यू. मालक काका मागे उभे होते, त्यांना म्हटलं काका ही विलीज नाहीये, फोर्ड आहे. तर म्हणाले, "अहो काय सांगता, माझ्या वडलांपासून सगळे हिला विलीजच म्हणत आले!"

हे जवळपास दर वेळी होतं आणि त्यात काकांची चूक काहीच नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं डिझाइन एकच होतं पण ती दोन कंपन्यांनी बनवली, विलीजने एमबी नावाने आणि फोर्डने जीपीडब्ल्यू नावाने. जी म्हणजे गव्हर्नमेंट, पी म्हणजे ८० इंच व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) गाडी, आणि डब्ल्यू म्हणजे इंजिनाचं डिझाइन विलीजचं. १९४१ ते १९४५ मध्ये दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर गाड्या निघाल्या. आकडा ऐकून वाटतं मग काय, ढिगाने असतील. पण काही युद्धातच गेल्या, कित्येक भंगारात गेल्या, आणि उरल्या त्यांचं इतकं काही बदललं गेलंय की समोर उभी असलेली गाडी नक्की कोणती हे शोधायलाच वेळ लागतो. मी गेली काही वर्षं हेच करतोय, कुठे जुनी जीप आहे असं कळलं की जाऊन बघायची, मोजायची, फोटो काढायचे आणि वहीत नोंद करायची.

गाडीजवळ गेलो की मी आधी बॉडीकडे बघतच नाही. बॉडीचा पत्रा बदलता येतो, आख्खी बॉडी नवीन बनवून मिळते. मी आधी समोर उकिडवा बसतो आणि रेडिएटरच्या खालचा क्रॉस मेंबर, म्हणजे दोन्ही रेलना जोडणारा आडवा तुकडा, बघतो. गोल पाइप असेल तर चॅसिस विलीजची, उलट्या यू आकाराचा चौकोनी असेल तर फोर्डची. बॉडी, ग्रिल, इंजिन काहीही सांगू दे, पहिली साक्ष ह्याची. मग नंबर. विलीजचा नंबर पुढच्या बंपरच्या मागे, डाव्या रेलच्या आतल्या बाजूला रिव्हेट मारलेल्या छोट्या पट्टीवर असतो आणि ती पट्टी बहुतेक वेळा गायबच असते, फोर्डने मात्र नंबर थेट रेलवर ठोकला म्हणून तो टिकतो. नंतर बोल्टांची डोकी बघायची, फोर्डने आपल्या बोल्टांवर, ब्रॅकेटवर, कुठे कुठे छोटासा एफ उमटवलाय. पहिल्यांदा तो एफ दिसतो ना तेव्हा खरंच अंगावर काटा येतो, कारण ऐंशी वर्षांत कुणाकुणाचे पाने त्या बोल्टाला लागले असतील आणि तरी तो तिथेच आहे.

डॅशबोर्डवरच्या पाट्या मिळाल्या तर सोनंच, त्यातल्या एकीवर डिलिव्हरीची तारीख ठोकलेली असते. पण ह्या पाट्या नवीनही बनवून मिळतात, त्यामुळे पाटी चकचकीत आणि रिव्हेट नवीन दिसले की मी नोंदीत तसं स्पष्ट लिहितो. नुसती रिव्हेटची भोकं उरली असतील तर त्यांचंही अंतर मोजून ठेवतो.

माझं मत विचाराल तर गाडी "शिल्लक" आहे की नाही हे चॅसिसवरून ठरवावं. बॉडी नाही, इंजिन नाही, नुसती चॅसिस झाडाखाली पडलीये आणि त्यातून वेल वर आलाय, तरी ती माझ्या वहीत येते. काही जण फक्त चालू आणि चकाचक गाड्यांची यादी करतात, मला ते पटत नाही. रंगवून उभी केलेली गाडी उद्याही तिथे असेल, झाडाखालची नसेल.

हे मी एका गाडीमुळे शिकलो. एका गॅरेजच्या मागे पावसात एक जीप दिसली होती, ग्रिल उभ्या पट्ट्या वेल्ड करून बनवलेलं. नंतरच्या गाड्यांचं नऊ खाचांचं प्रेस केलेलं ग्रिल सगळ्यांच्या ओळखीचं आहे पण विलीजच्या अगदी सुरुवातीच्या सुमारे २५,००० गाड्यांना हे पट्ट्यांचं ग्रिल होतं, १९४२ च्या सुरुवातीपर्यंतच. मी भिजत होतो, अंधार पडत होता, मोबाइलवर एकच फोटो काढला आणि म्हटलं नीट सामान घेऊन परत येऊ. दीड महिन्याने गेलो तर गॅस कटरने तुकडे करून गाडी उचलून नेलेली. जमिनीवर तेलाचा काळा डाग तेवढा होता. नंबर गेला, मागच्या पत्र्यावर विलीजचं नाव उमटवलेलं होतं का ते बघितलंच नव्हतं, तेही गेलं. त्या फोटोत अजून अर्धा हेडलाइट दिसतो आणि मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून टॉर्च, वायर ब्रश, टेप, खडू, पेन्सिल आणि पातळ कागद कायम बॅगेत असतात आणि पहिल्या भेटीतच सगळं उरकतो.

दुसरी भीती रिस्टोअर करणाऱ्यांची. वाईट अर्थाने नाही म्हणत, ती माणसं जीव ओततात. पण गाडी सँडब्लास्ट झाली, म्हणजे वाळूचा मारा करून घासली, की जुने रंगाचे थर गेले, आणि त्या थरांतच सगळं असतं. एका गाडीच्या बॉनेटच्या बाजूला निळा रंग फुगून पापुद्रा सुटला होता, त्याखाली पिवळा, त्याखाली सैन्याचा शेवाळी, आणि त्या शेवाळीवर पांढऱ्या रंगात २ आणि ० इतकंच दिसत होतं. अमेरिकन सैन्यात ह्या पाव टनी गाड्यांचे नंबर २० ने सुरू व्हायचे. पुढचे आकडे अजून निळ्याच्या खाली होते. मालकाला हात जोडून सांगितलं, दादा रंग काढायच्या आधी हा भाग हळूहळू उघडू दे, थर थर फोटो काढू दे. दोन रविवार गेले त्यात पण तो थांबला, त्याचे उपकार आहेत.

मूळ नसलेल्या गोष्टीही मी लिहून ठेवतो. दुसरं डिझेल इंजिन बसवलंय, मागे लांबी (पुट्टी) भरून खड्डा झाकलाय, सीटखालची पेट्रोलची टाकी काढून बाहेर टाकलीये, बॉडीच्या खालच्या चॅनलमधलं लाकूड कुजून गेलंय, सगळं. ही गाडी कामाची होती, तिला कामाला लावलं गेलं म्हणूनच ती उरली. नऊ खाचा आहेत का नाहीत एवढंच बघून "ओरिजनल नाही" म्हणून निघून जाणाऱ्यांनी थोडं थांबून मालकाशी बोलावं. आजोबांनी कधी घेतली, इंजिन कुणी बदललं, हे त्यांच्याबरोबरच जाणार आहे.

एक गोष्ट मी कटाक्षाने पाळतो, गाडी कुठे आहे हे कुणालाही सांगत नाही आणि पूर्ण नंबरही उघड करत नाही. नंबरांवरून खोट्या गाड्या तयार होतात, शिवाय लोकांच्या शेडचं कुलूप ही त्यांची बाब आहे.

अमेरिकेत १९४० ची फोर्ड पिग्मी, म्हणजे जीपच्या अगदी पहिल्या नमुन्यांपैकी एक, २०१५ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदीत घेतली. ते वाचून फार बरं वाटलं होतं. तशी नोंद प्रत्येक गाडीला मिळणार नाही हे माहीत आहे, पण वहीतलं एक पान प्रत्येकीला मिळू शकतं.

तर परवाची फोर्ड. सगळे आकडे वाचले, शेवटचा अडला. खडू घासला, टॉर्च आडवी धरून बघितली, कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतला, तीन वेळा घेतला. एकदा ३ वाटतो, एकदा ८. ग्राइंडर लावू का असं काकांच्या मुलाने विचारलं तर मी जवळजवळ ओरडलोच, ग्राइंडर लागला की आकडाच जातो. इंजिन माउंट अगदी शेजारी आहे त्यामुळे डोळा सरळ पोचत नाही. वहीत "३ किंवा ८" असं लिहिलं, तिन्ही छाप चिकटवले. काका म्हणाले दिवाळीनंतर इंजिन उतरवणारच आहोत, रेल मोकळी झाली की लगेच फोन करतो, तोवर कुणाला हात लावू देत नाही.