दिवसाला १,८४० जादा ठोके

होल्टर, म्हणजे हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र, लावायचं म्हणून टेक्निशियनने छातीवरचे केस चार-पाच ठिकाणी उडवले, तेव्हा माझं निम्मं टेन्शन हसण्यातच गेलं. उरलेलं चोवीस तास गळ्यात लटकत होतं. मी कोल्हापुरात कर-सल्लागाराचं काम करतो. महिन्याची वीस तारीख, म्हणजे जीएसटीच्या ३बी रिटर्नची मुदत, जवळ आली की रात्री डाव्या कुशीवर वळताच छातीत मासा उलटल्यासारखं व्हायचं. एक ठोका गायब, मग पुढचा धाडकन.

होल्टरसोबत एक कागद मिळाला होता. काय वाटलं, किती वाजता, तेव्हा काय करत होतात. मी तो खतावणीसारखा भरला, एकूण ४१ नोंदी. रिपोर्ट आला तर जादा, म्हणजे वेळेआधीच पडणारे ठोके १,८४०! आणि ते दिवसरात्र पसरलेले. दिवसा बिलं तपासताना शेकडो पडून गेले होते, मला पत्ताच नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला आहे, थायरॉइडही ठीक. गोळीची आत्ता गरज नाही. चहा कमी करा, झोप वाढवा आणि सावकाश हालचालींचा योग करा. कपालभाती वगैरे जोर लावायचे प्रकार सध्या नकोत. चक्कर आली, शुद्ध हरपली, तर मात्र थेट इकडं या."

रंकाळ्याजवळच्या वर्गात शीर्षासनाची धास्ती घेऊन गेलो. तिथं पहिले पंधरा दिवस काय, तर श्वास घेत हात वर, सोडत खाली. मग मार्जारासन, तेही तसंच. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. माझे हात भराभर वर जायला लागले की म्हणायच्या, "अहो, वर कुठं रिटर्न भरायचंय? सावकाश."

एकदा शवासनात सवयीनं मनगटावर बोटं ठेवली. श्वास घेताना नाडी जरा पळायची, सोडताना रेंगाळायची. झालं, आता हे नवीनच काहीतरी! डॉक्टरांना फोन केला. ते हसले. "हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे हो." श्वास सोडताना व्हेगस हा मज्जातंतू हृदयाचा लगाम ओढतो, घेताना सैल सोडतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास झाले की हा चढउतार चांगलाच ठसठशीत होतो. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे' हा मंत्र म्हणायला लावून मोजलं, तर दोन्हींत श्वास त्या सहावरच आले होते. आमची आजी हरिपाठाच्या किती ओळी एका दमात म्हणायची, ते तेव्हाच मोजायला हवं होतं.

तीन महिन्यांनी पुन्हा होल्टर. पुन्हा केस गेले. या वेळी आकडा १,५१०. मी पेढे वाटायच्या बेतात होतो. डॉक्टरांनी तिथंच पाणी ओतलं, "एवढा फरक एका दिवसाचा दुसऱ्या दिवशीही पडतो. योगानं कमी झाले, असं यावरून म्हणता येत नाही." खरं सांगतो, राग आला. पहाटे पाचला उठायचं कशासाठी मग?

त्यांनी माझा कागद पुढं सरकवला. नोंदी फक्त सहा. दीड हजारांतले सहाच मला कळले होते, आणि रात्रीच्या रकान्यात एका ओळीपलीकडं काही नव्हतं: "१०.४०, झोपलो."

परवा १९ तारखेला एका पक्षकाराचा मुलगा महिनाभराच्या बिलांची पिशवी घेऊन रात्री नऊला उगवला. पिशवीत हात घालतोय तोच मासा उलटला. मी खुर्चीवरून उठलो, श्वास घेत हात वर नेले, सोडत खाली आणले.

"काका, काही होतंय का?" पोरगं घाबरलं.

"काही नाही. तू तोवर खरेदीची बिलं वेगळी काढ."

पाच-सहा वेळा हात वरखाली करून बसलो. मासा नंतरही दोनदा वळवळला. साडेअकराला रिटर्न गेलं.