कादंबरीचं मानधन बालगृहाला देताना: माझा अनुभव

कादंबरी लिहून होत आली तेव्हाच ठरवलं होतं की पहिल्या आवृत्तीचं मानधन आमच्या जिल्ह्यातल्या एका बालगृहाला द्यायचं. कादंबरीतली मुलगी ऊसतोड कामगारांची, आईवडील गेल्यावर बालगृहात वाढलेली. तिच्यासाठी मी बरेच महिने तिथे जात-येत होते. तिथल्या अधीक्षिका ताईंनी कामाच्या धबडग्यातून मला वेळ दिला. त्यातून उभ्या राहिलेल्या पुस्तकाचे पैसे घरात ठेवणं मनाला पटेना. पण पैसे नीट पोचवायचे आणि त्याच वेळी पुस्तकही लोकांपर्यंत न्यायचं, यात बऱ्याच गोष्टी समजून घ्याव्या लागल्या. असं काही करू पाहणाऱ्या लेखकांसाठी त्या लिहून ठेवते आहे.

संस्था ओळखीची असली तरी कागदपत्रं बघावीत. चांगली संस्था आपणहून फाइल पुढे ठेवते. बालगृहाला बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली नोंदणी लागते आणि ती पाच वर्षांसाठी असते. मूल तिथे राहतं ते बालकल्याण समितीच्या आदेशाने; कुणी आणून सोडलं आणि ठेवून घेतलं, असं चालत नाही. देणगीवर आयकरात सूट हवी असेल तर संस्थेकडे त्यासाठीची नोंदणी (८०जी म्हणून ओळखली जाते ती) आहे का ते विचारावं. २,००० रुपयांच्या वर रोखीने दिलं तर सूट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ती मुळातच नाही. मानधन आधी लेखकाचं उत्पन्न म्हणून धरलं जातं, मग त्याची देणगी होते, हेही ध्यानात ठेवावं.

आता रकमेचं. माझ्या पुस्तकाची किंमत ३०० रुपये, मानधन दहा टक्के, आवृत्ती हजार प्रतींची. सगळ्या प्रती खपल्या तर ३०,००० रुपये, आणि तेही मार्चअखेरच्या हिशेबानंतर. ‘या पुस्तकाचं उत्पन्न अनाथ मुलांसाठी’ असं पोस्टरवर छापलं की वाचणाऱ्याला वाटतं, आपण मोजलेले ३०० रुपये थेट मुलांकडे जाणार. म्हणून मी आग्रहाने छापून घेतलं: ‘प्रत्येक प्रतीमागे लेखिकेचे ३० रुपये बालगृहाला.’ मुखपृष्ठावर नाही, आत, आवृत्तीच्या तपशिलाखाली. प्रकाशकांना आकडा फार लहान वाटत होता. पण जो माणूस पुस्तक विकत घेतोय, त्याला खरा आकडा कळायलाच हवा.

प्रकाशनासाठी एक सूचना आली होती: मुलांच्या हस्ते प्रकाशन करू, मुलं पुस्तक हातात घेऊन उभी राहतील, फोटो छान येतील, फेसबुकवर चालतील. ताईंनी तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितलं. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीच नाही. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला कायद्याच्या आधी तिथली मुलंच आठवली. नववीतली एक मुलगी शाळेत आपण कुठे राहतो ते कुणालाच सांगत नाही. मैत्रिणींना ‘मावशीकडे राहते’ म्हणते. तिचा फोटो माझ्या पुस्तकासोबत गावभर फिरला असता, तर तिने जपलेलं ते सगळं एका दिवसात गेलं असतं. माझी कादंबरी खपावी म्हणून तिने ही किंमत का द्यावी?

प्रकाशन मग गावच्या वाचनालयात झालं, वाचकांच्या समोर. सिंधुताई सपकाळांनी भाषणं करून, पदर पसरून किती मुलांना वाढवलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पण त्या भाषणांत त्या सांगत असत ती मुख्यतः स्वतःची परवड. मी माझं, म्हणजे कादंबरीचं बोलले. मुलांबद्दल बोलले ते खर्चाच्या भाषेत: काय लागतं, केव्हा लागतं.

हे मला ताईंनी त्यांचं कपाट उघडून दाखवलं होतं. वरच्या दोन कप्प्यांत एकाच छापाचे कंपासपेट्यांचे ढीग, प्लास्टिकही न फाडलेले. खाली वाढदिवसाला लोकांनी आणलेल्या रंगपेट्या. आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली यादी, ताईंच्या अक्षरात: दोघींचे चष्मे, मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी पॅड, एसटीचे पास, मोठ्या मापाचे बूट. दिवाळीत आणि १५ ऑगस्टला देणाऱ्यांची रीघ लागते, जूनमध्ये फीच्या वेळी कुणी फिरकत नाही. मी वाचनालयात ती यादी वाचून दाखवली. कार्यक्रमानंतर काही वाचकांनी माझ्याच हातात पैसे द्यायला सुरुवात केली. ते मी घेतले नाहीत. संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड टेबलावर ठेवला होता, पावती संस्थाच देते. लेखकाच्या खात्यात दुसऱ्यांचे दानाचे पैसे एक रुपयाही येऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसे कशाला वापरायचे हे ताईंवर सोपवलं आणि त्यांनी ते अठरा पूर्ण होत आलेल्या मुलींसाठी ठेवले. अठराला बालगृह सोडावं लागतं. एकविसापर्यंत अनुरक्षण गृहाची सोय कायद्यात आहे, पण ती गृहं प्रत्येक जिल्ह्यात नाहीत. २०१८ पासून महाराष्ट्रात अनाथांना नोकरी-शिक्षणात एक टक्का आरक्षण आहे. त्यासाठी महिला व बाल विकास विभागाचं प्रमाणपत्र लागतं. आणि ज्या मुलीचे आईवडील कोण हेच कागदावर नाही, तिला त्याच्यासाठी किती खेटे घालावे लागतात, ते मी जवळून पाहिलं. मानधनातून एकीच्या खोलीचं डिपॉझिट गेलं, दुसरीची आयटीआयची फी.

दुसऱ्या आवृत्तीचं मानधनही तिकडेच जाणार आहे. मार्चचा हिशेब रेंगाळतो आणि पैसे पावसाळा संपता संपता मिळतात, म्हणून या वेळी प्रकाशकांशी आधीच बोलले. त्यांनी मे महिन्यातच हिशेब पुरा करून द्यायचं कबूल केलं आहे, म्हणजे जूनच्या फीला ते उपयोगी पडतील.